म्युनिकची गाडी, बेळगावचा गळा

१९७७ साली जर्मनीत ‘अपो-कॅलिप्सो’ नावाची एक तबकडी निघाली. काढणारा बँड म्युनिकचा, नाव ‘एम्ब्रियो’. इलेक्ट्रिक गिटार, बेस, कीबोर्ड, ड्रम्स असा सगळा रॉक आणि जॅझचा सरंजाम. आणि त्या तबकडीवर शोभा गुर्टू गायल्या आहेत. आकाशवाणीवर रात्री उशिरा ठुमरी-दादरा ऐकलेल्या मराठी माणसाला शोभाताईंची ओळख करून द्यावी लागत नाही. पुढच्याच वर्षी ‘मैं तुलसी तेरे आंगन की’ या चित्रपटातल्या त्यांच्या ठुमरीने त्या घरोघरी पोचल्या. पण त्याच सुमारास जर्मन पोरांच्या एका बँडबरोबरही त्या गात होत्या, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही. तालवाद्यांवर त्यांचा मुलगा त्रिलोक होता, जेमतेम पंचविशीचा.

हे पुस्तक एम्ब्रियोचं आहे. बँड कधी निघाला, कोण आलं, कोण गेलं, कोणत्या साली कुठे काय ध्वनिमुद्रित झालं, हे सगळं पुढच्या पानांत तपशिलाने येतं, त्यामुळे तो पाढा मी इथे वाचणार नाही. हा बँड मराठी वाचकाने का ऐकावा एवढंच मला सांगायचं आहे. आणि ते सांगताना वाट थोडी वाकडी करून मी कोल्हापुरावरून जाणार आहे.

जोतिबाच्या डोंगराखालच्या गावांत ज्यांचं लहानपण गेलं त्यांच्यापैकी मी एक. त्यामुळे संगीत म्हणजे काय हे मला शाळेने किंवा रेडिओने शिकवायच्या आधी चैत्र यात्रेने शिकवलं. वाडी रत्नागिरीच्या त्या देवळात चैत्री पौर्णिमेला काय होतं हे न पाहिलेल्याला सांगणं अवघड. सातारा, सांगली, कोकण, मराठवाडा आणि कर्नाटकातूनही गावोगावच्या सासनकाठ्या येतात, आणि बहुतेक काठ्यांबरोबर त्या त्या गावचं वाजाप येतं. कुणाची हलगी, घुमकं आणि कैताळ, कुणाचा ढोल-ताशा, कुणाची सनई, कुणाची पिपाणी, आणि अलीकडे कुणाचा चक्क ब्रास बँड. आवारात एकाच वेळी दहा ठेके चालू असतात. प्रत्येक काठी आपल्या ठेक्यावर नाचते, शेजारच्याच्या नाही. गुलालाने हवा गुलाबी होते, नाकातोंडात खोबरं आणि गुलाल एकत्र जातात, आणि ‘चांगभलं’चा गजर या सगळ्यावरून फिरतो. पहिल्यांदा येणाऱ्याला तो नुसता गलका वाटतो. थोडं थांबलं की कान त्यातला एक ठेका धरतो, मग दुसरा, मग त्या दोघांच्या मध्ये तयार होणारा तिसरा, जो कुणीच वाजवत नसतो.

एम्ब्रियोच्या लांबलचक रचना मी पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा मला त्या अवघड वाटल्या नाहीत, याचं श्रेय त्या आवाराला आहे.

आता बँडकडे. एम्ब्रियो १९६९ साली ख्रिस्तियान बुर्खार्ड आणि एडगर हॉफमन या दोघांनी म्युनिकमध्ये उभा केला. बुर्खार्ड ड्रमर, शिवाय व्हायब्राफोन वाजवणारा. व्हायब्राफोन म्हणजे पेटीच्या पट्ट्यांसारख्या मांडलेल्या धातूच्या पट्ट्या, त्यांच्याखाली नळ्या, आणि वर काड्यांचे आघात. हॉफमन सॅक्सोफोन, बासरी आणि व्हायोलिन वाजवायचा. बुर्खार्डचा जन्म १९४६ चा, बव्हेरियातल्या होफ या गावचा. हे साल नजरेआड करू नये. युद्ध संपून वर्ष झालेलं, देशाचे तुकडे पडलेले, आणि होफ नेमकं पुढे पूर्व जर्मनी झालेल्या भागाच्या सरहद्दीला खेटून. त्या पिढीच्या पोरांना आईबापांची गाणी नको होती, कारण त्या गाण्यांना नाझी काळाचा वास होता. दुसऱ्या बाजूला अमेरिकन सैनिकांच्या रेडिओवरून आलेलं रॉक आणि जॅझ होतं. ते आवडायचं, पण ते उसनं होतं. आपलं म्हणून वाजवावं असं हाताशी काहीच नाही, अशा पोकळीत ही मंडळी वाढली. त्यातून १९७० च्या आगेमागे जर्मनीत विचित्र, धीट आणि कधीकधी असह्य लांब असं रॉक निघालं. ब्रिटिश पत्रकारांनी त्याला ‘क्राउटरॉक’ असं अर्धवट थट्टेचं नाव चिकटवलं आणि ते नाव टिकलं.

त्या गर्दीत बहुतेकांनी पोकळी भरायला यंत्रं शोधली. सिंथेसायझर आणले, अंतराळाचे आवाज काढले. एम्ब्रियोने माणसं शोधली. मला या बँडबद्दल जे म्हणायचं आहे त्याचं मूळ इथे आहे. बुर्खार्ड तरुणपणी माल वॉल्ड्रनबरोबर वाजवत होता. वॉल्ड्रन हे अमेरिकन कृष्णवर्णीय पियानोवादक, गायिका बिली हॉलिडेच्या शेवटच्या वर्षांतले साथीदार, अमेरिका सोडून म्युनिकला येऊन राहिलेले. साथ कशी करावी हे या पोराने अशा माणसाकडून उचललं, ज्याने आयुष्याचा महत्त्वाचा काळ दुसऱ्याच्या गळ्यामागे बसून घालवला होता. पुढे १९७३ च्या ‘श्टाइग आउस’ आणि ‘रॉकसेशन’ या तबकड्यांवर वॉल्ड्रन स्वतः एम्ब्रियोबरोबर वाजवताना ऐकू येतात. ज्याच्या हाताखाली उमेदवारी केली तो माणूस पुढे शिष्याच्या बँडमध्ये पाहुणा म्हणून येतो, आणि कुणी कुणाला मोठेपणा दाखवत नाही.

त्याच वर्षीच्या ‘वी कीप ऑन’मध्ये चार्ली मॅरियानो आले. बॉस्टनचा हा सॅक्सोफोनवादक तोवर अमेरिकन जॅझमध्ये नाव कमावून होता, आणि मधल्या काळात नागस्वरमच्या नादाला लागला होता. नागस्वरम आपल्या सनईच्याच कुळातलं, पण लांब आणि दणकट. तमिळ देवळांत मूर्ती बाहेर निघाली की ते वाजतं. ते वाद्य गंमत म्हणून उचलण्यातलं नाही. फुंकरीला छाती लागते आणि सुराला वर्षं लागतात. मॅरियानोंनी ती घालवली. त्यामुळे ‘वी कीप ऑन’वर नागस्वरम येतं ते गिटारच्या शेजारी शोभेला ठेवलेलं वाटत नाही, गिटारशी भांडतं. रोमन बुंका नावाचा गिटारवादकही याच काळात बँडमध्ये स्थिरावला. पुढे तो अरबी ऊद शिकला, आणि इतका शिकला की इजिप्तच्या गायकांनी त्याला साथीला घेतलं.

पूर्वेकडची वाद्यं आणून रॉकला फोडणी देणं त्या काळात सर्रास चाललं होतं. लंडनमध्ये सतार विकत घ्यायची, दोन सूर छेडायचे आणि मुखपृष्ठावर अगरबत्तीचा धूर काढायचा. यातल्या काही गोष्टी ऐकायला गोड आहेत, मी नाकारत नाही. पण त्यात सतार बदलत नाही आणि गिटारही बदलत नाही. एम्ब्रियोत मात्र समोरचा ताल शिकायला बसणं सक्तीचं होतं. पाच, सात, नऊ मात्रांची गणितं या जर्मन ड्रमरने नुसती मोजली नाहीत, ती अंगात मुरवली. तुर्की नऊ मात्रांत दोन-दोन-दोन-तीन असे तुकडे पडतात. आपल्याकडच्या कानाला तो शेवटचा तिनाचा तुकडा पाय अडखळल्यासारखा वाटतो, पण एकदा अंगात भिनला की सरळ चालणंच बेचव वाटतं.

पैशाची बाजूही इथेच सांगून टाकतो. मोठ्या कंपन्यांशी बँडचं फार जमलं नाही. १९७६ साली एम्ब्रियो आणि इतर काही जर्मन बँडांनी मिळून ‘एप्रिल’ नावाची स्वतःची तबकडी कंपनी काढली. नावावरून सीबीएस या बड्या कंपनीने हरकत घेतली, म्हणून ती पुढे ‘श्नेबाल’ झाली. वादकांनी स्वतः चालवलेली कंपनी असल्याने कुणी मालक येऊन ‘ही हिंदुस्थानी बाई कोण, हिचं गाणं विकेल का’ असं विचारणार नव्हता. ‘अपो-कॅलिप्सो’ त्या मोकळ्या हवेत निघाली.

त्या हिंदुस्थानी बाईचा धागा धरून आता आपण कृष्णा-पंचगंगेकडे येऊ. शोभाताई १९२५ साली बेळगावात जन्मल्या. माहेरचं नाव भानुमती शिरोडकर. आई मेनकाबाई शिरोडकर व्यावसायिक नर्तिका आणि गायिका, जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या शिष्या. खाँसाहेब कोल्हापूरला आले ते शाहू महाराजांच्या आश्रयाने, दरबारगायक म्हणून. उत्तर हिंदुस्थानातलं एक गाणं करवीरच्या पेठांत येऊन बसलं, आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशा गोव्याकडच्या कलावंत घराण्यांतल्या बायकांनी ते शिकून डोक्यावर घेतलं. बेळगाव, गोवा आणि कोल्हापूर या त्रिकोणात तेव्हा गाणं जितकं फिरत होतं तितकी मोटारही फिरत नसेल. भानुमतीची पहिली रीतसर तालीम झाली ती कोल्हापुरात, खाँसाहेबांचे धाकटे चिरंजीव भूर्जी खाँ यांच्याकडे. मेनकाबाई तिथे शिकत होत्या, मुलगी बरोबर असायची, आणि ती खाँसाहेबांच्या घरातलीच होऊन गेली.

पुढे लग्न झालं ते गुर्टू घराण्यात. सासरे पंडित नारायणनाथ गुर्टू मूळ काश्मिरी घराण्यातले, बेळगावात पोलीस खात्यात वरच्या हुद्द्यावर, आणि घरी सतार वाजवणारे. मग मुंबई, आणि मुंबईच्या घरात उस्ताद घम्मन खाँ मेनकाबाईंना ठुमरी-दादरा शिकवायला येऊन राहिले. शोभाताईंच्या गळ्यातली ती लाडिक, पण कधीच सैल न पडणारी ठुमरी तिथून आली. खाली ख्यालाची पक्की जमीन, वर पूरबचं नखरेल नक्षीकाम, घरात बोलणं मराठी, आडनाव काश्मिरी. आता मला सांगा, म्युनिकच्या बँडला ‘मिश्र’ म्हणायचं आणि या घराला ‘शुद्ध शास्त्रीय’ म्हणायचं, हे कोणत्या हिशेबात बसतं?

हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. कोल्हापूरची सगळी गाणं-परंपरा अशीच आहे. कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे यांनी हार्मोनियमला मैफलीत प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि हार्मोनियम मुळात युरोपची पेटी. यात्रेत येणारा ब्रास बँड ब्रिटिश पलटणींचा वारसा. आमचं जोतिबाचं देऊळ आज दिसतं ते १७३० साली राणोजी शिंद्यांनी बांधवलेलं. त्याच शिंद्यांनी पुढे ग्वाल्हेर उभं केलं, जिथल्या ख्यालाने महाराष्ट्राला गायला शिकवलं. ग्वाल्हेरचं शिंदे घराणं आजही जोतिबाला कुलदैवत मानतं. बाहेरून आलेलं आत मुरवून घेणं हे या मातीला नवं नाही. फक्त आपण त्याला फ्यूजन म्हणून तिकीट लावलं नाही.

शोभाताईंचा मुलगा त्रिलोक १९५१ साली मुंबईत जन्मला. घरात आईची तालीम, येणारे-जाणारे तबलिये, आणि बाहेर सत्तरच्या सुमाराची मुंबई, जिथे रॉकच्या तबकड्या हातोहात फिरायच्या. त्याने स्वतः एका मुलाखतीत सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडते. परदेशी तबकड्या ऐकताना त्याला माहीतच नव्हतं की स्टुडिओत एकाच्या वर एक असे अनेक थर मुद्रित करता येतात. तो समजायचा की हे सगळं एक माणूस एका दमात वाजवतो. मग तोही तसं एकट्याने वाजवायला बसला, म्हणजे ज्या गोष्टी कुणी कधी एकट्याने वाजवल्या नव्हत्या त्या. अज्ञानाने असा उपकार क्वचितच केला असेल.

युरोपात गेल्यावर डॉन चेरीसारख्या मुक्त वृत्तीच्या अमेरिकन ट्रम्पेटवादकाची साथ, एम्ब्रियोची तबकडी, मग ‘ओरेगॉन’ हा बँड. १९८४ साली पूर्व जर्मनीतल्या रस्त्यावरच्या अपघातात ओरेगॉनचा तालवादक कॉलिन वॉल्कॉट गेला, त्याची जागा पुढे त्रिलोकने घेतली. त्यानंतर गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिनची त्रयी. १९८८ साली त्याची स्वतःच्या नावाची पहिली तबकडी ‘उस्फ्रेत’ आली, आणि तिच्यावर पुन्हा आई. सोबत डॉन चेरी, एल. शंकर, राल्फ टाउनर. वयाच्या साठीत पोचलेली, ठुमरीत राज्य केलेली बाई, आणि समोर ट्रम्पेट. शोभाताईंना तिथे काही सिद्ध करायचं नव्हतं, म्हणूनच त्या तिथे इतक्या निवांत आहेत. त्रिलोकची बैठकही पाहण्यासारखी. ड्रमर खुर्चीवर बसतो, हा जमिनीलगत बसतो, तबला आणि झांजा एकाच हाताच्या टप्प्यात मांडून. मध्येच थाळी किंवा घुंगरं पाण्याच्या बादलीत बुडवतो, आणि वाजता वाजता सूर खाली घसरत जातो. ही बादली पाहून युरोपातले प्रेक्षक टाळ्या वाजवतात. विहिरीवर कळशी बुडताना जो आवाज होतो तो ऐकलेल्याला त्यात आश्चर्य कमी, ओळख जास्त.

आता गाडीची गोष्ट, जी मला या सगळ्या इतिहासात सर्वांत श्रीमंत वाटते. १९७८ च्या शरदात एम्ब्रियोची मंडळी म्युनिकहून गाडीने हिंदुस्थानला निघाली. विमानाने नाही. वाद्यं, ॲम्प्लिफायर, बायकापोरं, आणि बरोबर वेर्नर पेन्झल हा चित्रपट करणारा तरुण. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि मग हिंदुस्थान. हिप्पींनी मळलेली ही वाट तेव्हा शेवटचे श्वास घेत होती, हे त्यांना ठाऊक असणं शक्य नव्हतं. इराणमध्ये शाहविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते. काबूलमध्ये त्याच एप्रिलात सत्तापालट झाला होता. तरीही काबूलमध्ये अफगाण वादकांबरोबर बसून त्यांनी वाजवलं. १९७९ उजाडलं तसं इराणमधलं राज्य उलथलं, वर्षाच्या शेवटी रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि युरोपातून मोटारीने खैबर ओलांडून येण्याचा तो रस्ता एका पिढीसाठी बंद झाला. काबूलच्या ज्या वादकांबरोबर ही मंडळी बसली, त्यांच्या शहरावर पुढची चाळीस वर्षं काय कोसळलं ते आपल्याला माहीत आहे. तिथे पूर्वीपासूनच संगीताला दाराबाहेर थांबावं लागायचं, असं आता वाटू लागतं. पेन्झलचा ‘वागाबुंडेन कारावाने’ हा माहितीपट त्या समजाला उत्तर आहे.

हिंदुस्थानात त्यांना सर्वांत जास्त जमलं ते बंगळूरमध्ये. मृदंगवादक टी. ए. एस. मणी यांनी १९६४ साली स्थापलेलं कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन, आणि त्यातल्या गायिका आर. ए. रामामणी. दक्षिणेत तालाचे बोल तोंडाने म्हणायची पक्की पद्धत आहे. हात लावायच्या आधी जिभेने ताल सांगायचा. जर्मन वादकांना ही गुरुकिल्ली वाटली, कारण भाषा येत नसली तरी बोल म्हणता येतात. या भेटीतून पुढे कितीतरी ध्वनिमुद्रणं आणि दौरे झाले, एम्ब्रियोचे आणि एम्ब्रियोतून फुटलेल्यांचेही. प्रवासात वाटेवर मुद्रित केलेला ऐवज ‘एम्ब्रियोज रायझे’ या दुहेरी तबकडीत आहे. ती मला एम्ब्रियोची सर्वांत मोकळी तबकडी वाटते. सफाईदार मात्र नाही, आणि काही ठिकाणी तर सरळ रटाळ आहे. हे कबूल करायला बँडच्या भक्तांची ना असते. मी भक्त नाही.

फूट पडली ती याच प्रवासाच्या मागोमाग. उवे म्युलरिख, फ्रीडो योश आणि मार्लोन क्लाइन यांनी १९८१ साली ‘डिसिडेंटन’ काढला. त्यांनी पूर्वेच्या तालांना नाचता येईल असा आकार दिला. १९८४ ची मोरोक्कन वादकांबरोबरची ‘सहारा इलेक्ट्रिक’ युरोपभर वाजली, नाचगृहांत वाजली. ‘वर्ल्ड म्युझिक’ नावाचा कप्पा दुकानांत तयार झाला तेव्हा डिसिडेंटन त्या कप्प्यात सहज बसला. एम्ब्रियो बसला नाही. कोण बरोबर, यावर या पुस्तकातले लेखक एकमेकांशी वाद घालतात, आणि ते चांगलं आहे. मला डिसिडेंटन ऐकायला आवडतो आणि एम्ब्रियोबद्दल आदर वाटतो. या दोन भावना एकच नाहीत, आणि त्यांची अदलाबदल करू नये.

बुर्खार्ड चालत राहिला. १९८५ साली नायजेरियाचे चित्रकार आणि वादक मुरैना ओयेलामी यांच्या योरुबा डुंडुन वाद्यवृंदाबरोबर एक तबकडी झाली. डुंडुन म्हणजे डमरूच्या आकाराचा ढोल, काखेत धरून दोऱ्या दाबल्या की त्याचा सूर चढतो-उतरतो. योरुबा भाषेत सुराच्या उंचीवर अर्थ ठरतो, त्यामुळे हा ढोल खरोखर बोलतो, लोकांची नावं घेतो, वंशावळ सांगतो. हे वाचताना मला आमच्या हलगीची आठवण होणं साहजिक होतं. एका हातात आखूड टिपरू, दुसऱ्या हातात लवचीक काडी, कातडं सैल पडलं की शेकोटीवर तापवून ताणायचं. कुस्तीच्या मैदानात हलगी पैलवानाला काय सांगते हे ज्याने कोल्हापूरच्या खासबागेत ऐकलं आहे, त्याला बोलणारा ढोल ही परदेशी कल्पना वाटणार नाही.

इथे एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. गाडी म्युनिकहून इकडे येऊ शकली, इकडची हलगी तिकडे जाऊ शकली नाही. जर्मन पोरांकडे पासपोर्ट होते, परदेशांत जर्मन सांस्कृतिक संस्थांची दारं होती, भटकायला काही महिने होते. बंगळूरच्या वादकांना किंवा गुर्टूंना दारं उघडली, कारण त्यांच्यामागे शिक्षण आणि घराणं होतं. गावच्या वेशीबाहेर राहून पिढ्यान्‌पिढ्या चामडं तापवणाऱ्या वादकाला ती दारं कुणी दाखवलीच नाहीत, ना जर्मनांनी ना आपण. एम्ब्रियोच्या बाजूने एवढं म्हणावं लागेल की तबकडीवर पाहुण्याचं नाव येतं. मराठी चित्रपटांतल्या गाण्यांत गेली पंधरा-वीस वर्षं हलगी हवी तेवढी वाजते, अख्खं चित्रपटगृह तिच्यावर नाचतं, आणि ती कुणी वाजवली हे नावांच्या यादीत शोधूनही बहुधा सापडत नाही. म्युनिकवाल्यांवर ‘आमचं संगीत नेलं’ असा ठपका ठेवण्याआधी आपण स्वतःच्या वादकाचं नाव एकदा लिहून पाहावं.

बँड म्हणजे चार-पाच ठरलेली माणसं, त्यांची भांडणं, त्यांचं फुटणं आणि मग म्हातारपणी पैशासाठी पुन्हा एकत्र येणं, असा रॉकचा ठराविक इतिहास असतो. एम्ब्रियोला तो लागू पडत नाही. पन्नास वर्षांत शेकडो वादक या बँडमध्ये येऊन गेले. कुणी एका संध्याकाळपुरतं, कुणी वीस वर्षं. त्यामुळे ‘एम्ब्रियोचा खरा आवाज कोणता’ हा प्रश्न विचारणाऱ्या समीक्षकाची फजिती होते. या पुस्तकातही एका ठिकाणी ती झाली आहे, ते वाचकाने शोधावं. मात्र या मोकळ्या दाराची किंमतही होती. मोठी विक्री नाही, मोठी सभागृहं क्वचितच, ध्वनिमुद्रणाचा दर्जा खालीवर, आणि काही तबकड्या अशा की त्या निघाल्या नसत्या तरी चाललं असतं. बुर्खार्डला त्याचं दुःख होतं असं वाटत नाही. २०१६ साली ‘इट डू’ आली, त्याच वर्षी आजारपणाने तो मागे सरला, आणि १७ जानेवारी २०१८ रोजी गेला. त्याआधीच बँड त्याच्या मुलीच्या, मार्या बुर्खार्डच्या, हाती आला होता. ती लहानपणापासून बँडबरोबर वाढली, व्हायब्राफोन आणि कीबोर्ड वाजवते, आणि २०२१ साली तिने ‘आउफ आउफ’ काढली ती लॉस एंजेलिसच्या मॅडलिब या हिप-हॉप संगीतकाराच्या कंपनीतून. मुलगी बापाची गादी चालवते हे आपल्याला घराण्यांमुळे ओळखीचं. रॉकमध्ये हे अजून अपूर्वाईचं आहे.

ऐकण्याबद्दल थोडं, कारण हे पुस्तक नुसतं वाचून भागणार नाही. सुरुवात ‘वी कीप ऑन’पासून करा, रॉकची सवय असलेल्यांना तिथे पाय ठेवायला जागा मिळते. ज्यांचा कान शास्त्रीय संगीतात घडला आहे त्यांनी उलट दिशेने यावं, आधी त्रिलोकची ‘उस्फ्रेत’, आईच्या गळ्यासाठी, आणि मग मागे ‘अपो-कॅलिप्सो’कडे. ‘एम्ब्रियोज रायझे’ला एक पूर्ण संध्याकाळ द्या, आणि तुकडे करू नका, मधला कंटाळाही त्या प्रवासातला आहे. पेन्झलचा माहितीपट त्यानंतर पाहा, आधी नाही, नाहीतर चित्रांमुळे कान आळशी होतो. आणि मोबाइलच्या स्पीकरवर यातलं काहीही ऐकू नका. त्यावर बेस येत नाही, आणि या बँडमध्ये ताल कुठे वळतो हे सगळ्यात आधी बेस सांगतो.